विनंती थांबा

गोंदियाहून कामठ्याकडे निघालेल्या एसटीत कंडक्टर विचारतो, "कुठं?" उत्तरात गावाचे नाव आले तर तो तिकीट देतोच, पण रोजच्या माणसाने नुसते "फाट्यावर" म्हटले, तरी कोणता फाटा हे त्याला चेहऱ्यावरून कळते. एसटीच्या भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. त्या सहा किलोमीटरांत कुठे रस्ता फुटला असेल, तिथे एखादे झाड, एक पानठेला आणि उन्हात ताटकळणारी चार माणसे असतील, तर कधी कधी खांबावर पत्र्याची पाटी दिसते: 'विनंती थांबा'. हात दाखवला तर गाडी थांबते. नाही दाखवला तर ड्रायव्हर हॉर्न वाजवून पुढे निघून जातो.

कोशवाङ्मयाच्या रस्त्यावरही लहान वस्त्यांना एवढाच थांबा मिळत आला आहे. पुढच्या पानांत कामठा आणि त्याच्या भोवतालची गावे, टोले आणि फाटे यांच्या नोंदी आहेत. त्या म्हणजे आम्ही दाखवलेला हात, असे समजावे.

कामठ्याच्या नोंदीला कोणी आक्षेप घेतला नाही. वाद पेटला तो एका फाट्यावरून. तीन ठेले, पंक्चरचे एक दुकान, एक बोरिंग, पावसाळ्यात गळणारा प्रवासी निवारा आणि मागच्या अंगाला पाच-सहा घरे. सात-बाराच्या दृष्टीने ही जागा दोन गावांच्या शिवेवर पडते आणि कोणाचीच नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ स्नेही वैतागून म्हणाले, "मग बांधावरच्या बाभळीचीही नोंद करा." ही प्रस्तावना मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. कोश म्हणजे गावची मतदारयादी नव्हे. सगळ्यांना घ्यायचे ठरवले की वाचायला कोणी उरत नाही.

तरी माझे मत त्यांच्या विरुद्ध गेले, आणि ते कामठ्यामुळेच गेले.

आज कामठा पाहणाऱ्याला ते गोंदियाच्या सावलीतले एक मोठेसे खेडे वाटेल. नागपूरकर भोसल्यांच्या काळात मात्र कामठा हे जमीनदारीचे मुख्य ठिकाण होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली. पुढच्या वर्षी आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हातून निसटले आणि वैनगंगेच्या या मुलखात जी धामधूम माजली तिच्यात कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. कॅप्टन गॉर्डन फौज घेऊन आला आणि कामठा पडले. आजच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडच्या किल्ल्याचे नावही याच उठावाशी जोडलेले आहे. तेव्हाचे गोंदिया आजूबाजूच्या खेड्यांसारखेच एक खेडे होते. त्या साली कोणी कोश रचला असता तर कामठ्याला पान मिळाले असते आणि गोंदियासाठी कोणी लेखणी उचलली नसती.

पुढे १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे रूळ पडले. ती लाइन बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेली, मग एका अंगाने जबलपूरची नॅरोगेज येऊन मिळाली आणि दुसऱ्या अंगाने चांद्याची. गोंदिया जंक्शन झाले. धान आले, राईस मिली आल्या, तेंदूपाने आणि बिड्या आल्या, बाजार आला, आणि १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा होऊन जिल्हाही आला. या सगळ्याच्या मुळाशी काय होते? जंक्शन म्हणजे तरी रुळांचा फाटाच. ज्याला आपण आज जिल्ह्याचे ठिकाण म्हणतो ते असे वाटेवर जमलेले गाव आहे. फाट्यांना कोशात जागा नाही असा नियम १८८५ साली कोणी केला असता, तर त्याचा पहिला बळी गोंदियाच ठरले असते.

आमच्या जिल्ह्यात रस्त्याने गावाला नाव दिल्याचा दाखला तर तालुक्याच्या नावातच बसला आहे. अर्जुन्या दोन: एक अर्जुनी मोरगाव, दुसरी सडकेवरची म्हणून सडक अर्जुनी. त्याच तालुक्यातले कोहमारा घ्या. नागपूर-रायपूर महामार्गाला गोंदियाचा रस्ता जिथे मिळतो ते हे ठिकाण. नागझिऱ्याला किंवा नवेगावबांधला निघालेला पाहुणा तिथे चहा पितो आणि घरी फोन करून "कोहमाऱ्यात आहे" असे सांगतो. त्या वेळी तिथली लोकसंख्या किती, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

ठिकाणांची नोंद करण्याची परंपरा मराठीत इंग्रजांनी आणली, असे अनेकांना वाटते. तसे नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' ही इंग्रजांच्या कितीतरी आधीची. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी राहिले, बसले, जेवले, त्या त्या जागेचे वर्णन तिच्यात आहे: देऊळ कोणत्या तोंडाचे, दार कोणत्या दिशेला, ओटा कुठे, वाट कुठून. गाव मोठे की लहान हा प्रश्न त्या पोथीला पडतच नाही. तिचा निकष एकच, की इथे काही घडले आणि ती जागा पुन्हा सापडली पाहिजे. परिणाम असा झाला, की त्या काळातली कितीतरी खेडी आज आपल्याला केवळ तिच्यामुळे माहीत आहेत. कोशकाराने हेवा करावा अशी ही शिस्त आहे, आणि ती झाडाच्या सावलीत पायी फिरणाऱ्या लोकांनी पाळली.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जन्म १८८४ चा आणि रायपूरचा, म्हणजे आमच्याच रेल्वेमार्गावर पुढे. त्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड चाळताना मला नेहमी गंमत वाटते. वेद, विज्ञान, बुद्धोत्तर जग असे डोंगर उपसणारा हा माणूस दोन नोंदींच्या फटीत एखादा तालुका, एखादी जमीनदारी चार ओळींत बसवून मोकळा होतो. त्या चार ओळींचा बहुतेक मजकूर इंग्रजी गॅझेटियरांवरून आला आहे, हे उघड आहे. पण तो मराठीत आला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने निवड जास्त कडक ठेवली, आणि छापील खंडांची अडचण पाहता ते योग्यच होते. कागद विकत घ्यावा लागतो.

गॅझेटियरांचा एक भाग मात्र कोणी वाचत नाही. महाराष्ट्राच्या जुन्या जिल्हा गॅझेटियरांच्या शेवटी सगळ्या गावांची यादी असते. एकेका गावाला एकच ओळ. तालुक्यापासूनचे अंतर, क्षेत्रफळ, माणसे, घरे, जवळचे पोस्ट, जवळचे स्टेशन, आठवडी बाजार कुठे आणि कोणत्या वारी, पाणी विहिरीचे की तळ्याचे. आणि शेवटच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांची चिमटी. 'टीएल' म्हणजे देऊळ, 'सीएच' म्हणजे चावडी, 'डीजी' म्हणजे दर्गा. एखाद्या गावापुढे फक्त 'टीएल' असते. त्या दोन अक्षरांसमोर मी एकदा बराच वेळ बसून राहिलो होतो. कोणते देऊळ? कोणी बांधले? तिथे दिवा कोण लावतो? यादीने खरे तेवढेच सांगितले होते, आणि तरी सांगितल्यासारखे काही नव्हते.

आता कागदाची अडचण संपली आहे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला आणि तिथे महाराष्ट्रातल्या हजारो गावांची पाने तयार झाली. कोणतेही पान उघडा, सांगाडा ठरलेला: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. त्यांपैकी निम्म्या मथळ्यांखाली कित्येकदा काहीच नसते. हवामानाचा परिच्छेद तेवढा भरलेला असतो, आणि तो शेजारच्या गावाच्या पानावर अक्षरशः तसाच सापडतो. हे फक्त मराठीत झाले असे नाही. अमेरिकेतली तीस हजारांहून जास्त शहरे आणि खेडी २००२ साली एका संगणकी आज्ञावलीने जनगणनेच्या आकड्यांवरून इंग्रजी विकिपीडियात भरली होती.

पण सगळ्यात बोलका दाखला इराणचा. तिथल्या जनगणनेत 'आबादी' म्हणून ज्या जागा मोजल्या जातात त्यांत खेडी असतात, तशीच एकटी शेते आणि विहिरीवरचे पंपसुद्धा असतात. त्या याद्यांवरून इंग्रजी विकिपीडियात गावांची पाने धडाधड तयार झाली. पुढे कोणीतरी नीट पाहिले, तेव्हा लक्षात आले की आपण पंपांना गावे करून बसलो आहोत, आणि हजारोंनी पाने काढून टाकावी लागली. आमच्या विदर्भातही महसुली कागदात गावठाणाला 'आबादी'च म्हणतात. त्यामुळे ही हकिगत वाचून मी आधी हसलो आणि मग आमची स्वतःची यादी पुन्हा तपासायला घेतली.

तपासताना पहिली ठेच लागली ती रिठांची. रिठ म्हणजे उठून गेलेले गाव. माणसे गेली, घरांची माती झाली, पण महसुली दप्तरात गाव कायम. त्याचा नकाशा आहे, गट नंबर आहेत, जनगणनेचा क्रमांक आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात वस्तीची गावे ४०,९५९ आणि ओसाड गावे २,७०६. म्हणजे अडीच हजारांवर गावे अशी, की जिथे चूल पेटत नाही, पण सरकारी यादीत नाव आहे. उलट आमच्या फाट्यावर पहाटे साडेचारला भट्टी पेटते आणि त्याला ना क्रमांक, ना नाव. मी स्वतः एकदा एक ऑनलाइन अर्ज भरत होतो. 'गाव निवडा' म्हणून जी यादी उघडली तिच्यात जवळचे एक रिठ होते. जिथे बसून मी तो अर्ज भरत होतो ती जागा नव्हती. शेवटी रिठ निवडले. त्या यादीपुरता काही दिवस मी भुतांचा शेजारी होतो.

टोल्यांचे दुखणे आणखी वेगळे. मूळ गावापासून कोस-अर्धा कोसावर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाने दहा-वीस घरे वसतात, त्यांची जनगणना मूळ गावात जिरून जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत अशा वस्तीला वेगळे महसुली गाव म्हणून जाहीर करण्याची सोय आहे, पण ती सोय वापरली जाईपर्यंत पिढी निघून जाते. कितीतरी टोल्यांची नावे जातींवरून पडलेली. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये अशी नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो उशिरा का होईना, बरा झाला. आम्ही अशा ठिकाणी नवे नाव दिले आहे. जुने का छापले नाही असे संशोधक विचारतील. त्यांनी त्या टोल्यावर जाऊन, तिथल्या बाईसमोर ते मोठ्याने उच्चारून पाहावे.

तर मग कोणाला घ्यायचे? लोकसंख्या हा निकष आम्ही सोडला, कारण कामठा आणि गोंदिया यांनीच तो मोडीत काढला होता. सरकारी मान्यताही सोडली, कारण तिच्यामुळे रिठे आत येतात आणि फाटे बाहेर राहतात. बराच काथ्याकूट झाल्यावर एक साधी कसोटी हाती लागली: त्या जागेबद्दल असे एक तरी वाक्य लिहिता आले पाहिजे, जे दुसऱ्या कोणत्याही गावाच्या नोंदीत चिकटवता येणार नाही; आणि ते वाक्य खरे आहे की नाही हे तिथे जाऊन पाहता आले पाहिजे. 'मुख्य पीक धान आहे' हे वाक्य या कसोटीला उतरत नाही, कारण आमच्या या अख्ख्या झाडीपट्टीत दुसरे काय पिकणार! 'गावात मारुतीचे मंदिर आहे' हेही नाही.

या कसोटीवर कामठा सहज उतरते. तिथली जमीनदारी आहे, १८१८ आहे, आणि लहरी बाबांचा आश्रम आहे, ज्याच्यासाठी लांबलांबची भाविक माणसे आजही कामठ्याचा रस्ता धरतात. कामठ्याला नोंद हवी याला आणखी एक अगदी व्यवहारी कारण आहे, ते म्हणजे नामसाधर्म्य. नागपूरजवळची कामठी इंग्रजांच्या छावणीमुळे प्रसिद्ध झाली. इंग्रजी कागदांत दोन्ही नावांची स्पेलिंगे इतकी जवळ येतात, की कामठ्याचा मजकूर कामठीच्या खात्यावर जमा व्हायला वेळ लागत नाही. मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यात अर्धापूरजवळ आणखी एक कामठा आहेच. मोठ्या गावाला नोंद मिळते ती मानाने. लहान गावाला ती कधी कधी दुसऱ्याची चिठ्ठी आपल्या घरी येऊ नये एवढ्यासाठीही लागते.

कामठ्याशेजारचे बिरसी तर विमानतळाचे गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी तिथे आहे, वैमानिकांना शिकवण्याची सोय आहे, आणि १३ मार्च २०२२ पासून प्रवासी विमानेही उतरू लागली. तिकिटावर मात्र गोंदिया छापलेले असते. बिरसीची जमीन आणि गोंदियाचे नाव, असा हा व्यवहार. परसवाड्याच्या तलावावर सारस उतरतो. महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झालेला हा पक्षी ज्या मोजक्या धानबांध्यांत टिकून आहे त्या याच पट्ट्यातल्या. एवढे एक वाक्य असल्यावर परसवाड्याला लोकसंख्या विचारायची गरज काय?

आणि फाटा? ज्येष्ठ स्नेह्यांना घेऊन मी तिथे दोनदा जाऊन बसलो. एकदा जुलैत, एकदा दिवाळीनंतर.

जुलैत रोवण्याचे दिवस. उजाडायच्या आत बाया जमू लागल्या. डोक्यावर प्लास्टिकचे घोंगते, हातात डबा, पायांत काही नाही, कारण चिखलात चपलेचा उपयोग नसतो. काळीपिवळ्या आणि मालवाहू टेम्पो येऊन उभे राहत. आतला माणूस मान बाहेर काढून आकडा सांगे. बाया आपसांत पाहत. कोणी हसे, कोणी तोंड फिरवी, टेम्पो थोडा पुढे सरके आणि पुन्हा मागे येई. पाऊणएक तासात त्या दिवसाचा रोवण्याचा भाव ठरला. चहावाल्याने सांगितले, की आजूबाजूच्या गावांतला शेतकरी दुपारी फोन करून विचारतो तो हाच: "आज फाट्यावर का निंगाला जी?" स्नेह्यांनी चष्मा काढून पुसला. मी काही बोललो नाही.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा फाट्याच्या निवाऱ्याची भिंत दिसत नव्हती. मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस. या गावची मंडई, त्या गावची मंडई, रात्री नाटक, कलावंतांचे रंगीत फोटो, एकावर एक चिकटवलेली पोस्टरे. खालचे पोस्टर मागल्या वर्षीचे, त्याखाली त्याच्या मागल्या वर्षीचे. झाडीपट्टीच्या नाटकांचा इतिहास लिहिणाऱ्याने ही भिंत थरामागून थर सोलून काढावी. पलीकडे धान घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि एक ड्रायव्हर ट्रॉलीवर पोत्यांना टेकून झोपला होता.

नावाचा घोळ तेवढा राहिला. फाट्याला स्वतःचे नाव नसते. तो ज्या गावाकडे फुटतो त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. त्यामुळे गोंदियाकडून येणारा त्याला एका गावाचा फाटा म्हणतो, आणि त्या गावातून बाहेर पडणारा दुसऱ्याच गावाचा. ठेलेवाल्याला विचारले, "नोंदीत काय लिहू?" तो पानाला चुना लावत म्हणाला, "येला नाव का राहणार जी? सारे फाटाच म्हनतेत." शेवटी दोन्ही नावे दिली आहेत, मध्ये तिरपी रेघ मारून. कोशाच्या नियमांत हे बसत नाही, पण फाटाही कोणत्या नियमात बसतो?

एक कबुली. या नोंदी सारख्या लांबीच्या नाहीत. कामठ्याला पाने मिळाली, काही टोल्यांना सहा ओळी, दोन गावांना एकच. वाचकाला ते पक्षपाती वाटेल. जिथे सांगणारा भेटला तिथे नोंद वाढली, जिथे नुसता कागद हाती लागला तिथे ती थांबली. रकाने भरण्यासाठी हवामान आणि प्रमुख पिके लिहायची नाहीत, हे मात्र आम्ही पहिल्या दिवसापासून पाळले. काही गावे कसोटीला उतरली नाहीत. ती गावे नीरस आहेत असा त्याचा अर्थ नाही. त्यांचे वाक्य आम्हाला सापडले नाही. त्यांची नावे शेवटी दिली आहेत आणि प्रत्येकापुढे अर्धे पान कोरे सोडले आहे. छापखान्याने विचारले, इतका कागद कशाला वाया घालवता? त्यांना सांगितले, ते पैसे आम्ही दिले आहेत.

छपाईला देण्याआधी फाट्याची नोंद तिथेच ठेल्यावर वाचून दाखवली. ठेलेवाला, पंक्चरवाला, दोन गिऱ्हाइके आणि गाडीची वाट पाहणारी एक म्हातारी, एवढे श्रोते. रोवण्याच्या भावाचे वाक्य आले तेव्हा म्हातारीने मान डोलावली. पोस्टरांचे आले तेव्हा पंक्चरवाला हसला, कारण त्यातली निम्मी त्यानेच चिकटवली होती. वाचून झाले. कोणी काही बोलेना. मग ठेलेवाल्याने काताचे बोट फडक्याला पुसले आणि विचारले, "आन बोरिंग? बोरिंगचं नाही लिवलं का जी? ते नसती, त इथं मानूस थांबला असता का?"

बोरिंग आता पहिल्या ओळीत आहे.